‘करण्यात येईल’ : महाविद्यालयीन शिस्तनियमांच्या भाषेची चिकित्सा

१

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत शेवटच्या दोन-तीन पानांवर ‘विद्यार्थ्यांसाठी नियम’ या मथळ्याखाली जो मजकूर छापलेला असतो, त्याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थी त्याखाली सही करतो, पालक सही करतो किंवा अंगठा उमटवितो, आणि मजकूर वाचला न वाचला तरी तो मान्य असल्याचे गृहीत धरले जाते. वस्तुतः मराठी गद्याच्या ज्या प्रकारांचा सामान्य माणसाच्या आयुष्याशी प्रत्यक्ष संबंध येतो, त्यांत या पानांची गणना करावयास हवी. एखादी कादंबरी वाईट लिहिली गेली तर वाचकाची संध्याकाळ फुकट जाते. या पानांवरील एखादे वाक्य वाईट लिहिले गेले तर विद्यार्थ्याचे वर्ष फुकट जाऊ शकते.

प्रस्तुत लेखाचा विषय या नियमांची भाषा हा आहे. शिस्त असावी की नसावी, हा प्रश्न येथे घेतलेला नाही. ती असावी हे गृहीत आहे. एखादा शिस्तनियम न्याय्य आहे की नाही याचा पुष्कळसा पुरावा त्या नियमाच्या वाक्यरचनेतच सापडतो, आणि अन्याय्य कार्यपद्धतीची सुरुवात अनेकदा सदोष वाक्यापासून होते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

अशा पत्रकांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या वाक्यांचा नमुना सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो. पहिले वाक्य : ‘विद्यार्थ्याने ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे.’ दुसरे : ‘महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे वर्तन करताना आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ तिसरे : ‘या बाबतीत प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील.’

पहिल्या वाक्यात कर्ता आहे, आणि तो ठळक आहे. ‘विद्यार्थ्याने’ हे तृतीयेचे रूप आणि ‘बाळगावे’ हे विध्यर्थी क्रियापद मिळून कोणी काय करावयाचे याविषयी तिळमात्र संदिग्धता राहत नाही. ओळखपत्र, हजेरी, वाहन ठेवण्याची जागा, ग्रंथालयातील शांतता यांविषयीची सर्व वाक्ये याच धाटणीची असतात, व ती चांगली असतात.

दुसऱ्या वाक्यात मात्र चित्र पालटते. ‘कारवाई करण्यात येईल’ या रचनेत कारवाई करणारा कोण, याचा पत्ता नाही. मराठीत कर्त्याला ‘कडून’ हा प्रत्यय लावून मागे सारता येते, आणि ‘करण्यात येणे’ या रचनेत तर त्याला वाक्याबाहेरच ठेवता येते. सरकारी मराठीत ही रचना फोफावली याचे कारण उघड आहे : तिच्यात काम होते, परंतु ते कोणाच्या हातून झाले हे सांगावे लागत नाही. शिस्तनियमांत या सोयीचा परिणाम असा होतो की कर्तव्यांना कर्ता असतो आणि अधिकारांना नसतो. विद्यार्थी काय करील हे नावानिशी लिहिलेले असते. महाविद्यालय काय करील, ते कोण करील, केव्हा करील, हे लिहिलेले नसते.

त्याच वाक्यातील ‘आढळल्यास’ हे रूप याहूनही अधिक विचार करण्याजोगे आहे. एखादी गोष्ट ‘आढळणे’ आणि ती ‘सिद्ध होणे’ यांत फार अंतर आहे. आढळते ते डोळ्यांना. सिद्ध होते ते पुराव्याने, आणि तेही दुसरी बाजू ऐकल्यानंतर. शिपायाला कोणी भिंतीवर काही लिहिताना दिसला, तर ते ‘आढळणे’ होय. तो कोण होता, त्याने काय लिहिले, त्याच्या हातात खडू होता की दुसऱ्याच्या, हे ठरविणे म्हणजे चौकशी. ‘आढळल्यास कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य आरोप आणि दंड यांच्यामधील सर्व टप्पे एका कृदंतात गिळून टाकते. आपल्या भाषेत ‘चौकशी’ हा उत्तम शब्द आहे. त्याच्या घडणीतच ‘चौ’ आहे, आणि चारही अंगांनी पारखून पाहणे हा त्याचा भाव आहे. परंतु या पत्रकांत तो क्वचितच येतो, आणि आला तरी दंडाच्या वाक्यानंतर येतो.

‘प्रतिष्ठेस बाधा’ आणि ‘योग्य ती’ या दोन शब्दसंहतींविषयी थोडक्यातच लिहितो. पहिलीने गुन्ह्याला सीमा राहत नाही, दुसरीने शिक्षेला. प्रतिष्ठेची व्याख्या नियम करणाऱ्याच्या मनात असते, आणि योग्य काय हेही तोच ठरवितो. मग तिसरे वाक्य येते : निर्णय अंतिम. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यात कर्ताही आहे, कारण आता दाद मागण्याचे दार बंद करावयाचे आहे, आणि त्यासाठी कोणाचे तरी नाव लागते.

३

ही केवळ शब्दांची कीस काढणे आहे असे कोणास वाटेल. म्हणून आपल्याच भागातील एक प्रसंग घेतो.

धाराशिव जिल्हा आणि त्यातील ढोकी, तेर, येडशी ही गावे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. त्या काळी या भागातील मुलाला मॅट्रिकनंतर शिकावयाचे असले तर औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज किंवा हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ यांची वाट धरावी लागे. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया हे उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ होते. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने आदराने नमूद केले पाहिजे. याच संस्थांत १९३८ च्या अखेरीस ‘वन्दे मातरम्’ चळवळ उद्भवली. वसतिगृहातील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणत. ते म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. आणि त्यांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. औरंगाबादेतून ठिणगी पडली, हैदराबादेत वणवा पेटला, आणि इतर गावांच्या महाविद्यालयांतही त्याची झळ पोहोचली. काढून टाकलेल्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच विद्यार्थ्यांपैकी एक होत.

या प्रसंगाचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे, आणि मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात त्याला त्याचे स्थान मिळालेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की विद्यार्थ्यांना समूहाने काढण्यात आले. शिस्तीचे वाक्य जेव्हा कर्त्याचे नाव घेत नाही, तेव्हा हळूहळू कर्मही नाव गमावते. व्यक्ती उरत नाही, यादी उरते. आणि यादीला आपले म्हणणे मांडता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समजा, त्या प्रत्येक विद्यार्थ्याला नोटीस मिळाली असती, त्याचे म्हणणे ऐकले गेले असते, निर्णय सकारण लिहिला गेला असता, तर तो अन्याय टळला असता काय? बहुधा नाही. प्रार्थनेतील गीत हा अपराध ठरविणारा नियमच ज्या ठिकाणी अन्याय्य होता, तेथे नीटनेटकी कार्यपद्धती त्याला न्याय्य करू शकत नाही. हे मान्य केले पाहिजे, नाही तर कार्यपद्धतीची भलावण करणारा आपला लेख भाबडा ठरेल. परंतु याची दुसरी बाजूही पाहावी. कारण लिहावे लागले की नियमाची परीक्षा सुरू होते. ‘हे गीत म्हटल्याने अमुक हानी झाली’ असे वाक्य एकेका विद्यार्थ्याच्या नावासमोर लिहावयाची वेळ आली असती, तर लिहिणाऱ्याच्या लेखणीला अडखळावे लागले असते. कार्यपद्धती अन्याय्य नियम पुसत नाही. पण ती त्याला स्वतःचे कारण मोठ्याने उच्चारण्यास भाग पाडते. पुष्कळ नियम त्या उच्चारानेच उघडे पडतात.

४

‘दुसऱ्या बाजूस ऐकावे’ हे तत्त्व विद्यापीठांच्या बाबतीत नवे नाही. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. रिचर्ड बेंटली यांच्या पदव्या त्यांचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या, आणि १७२३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरविली. त्या निकालात एका न्यायाधीशाने एदेनच्या बागेचा दाखला दिला : आदमला बाहेर घालविण्यापूर्वी प्रत्यक्ष परमेश्वरानेही त्याला प्रश्न केला होता, त्याचे उत्तर ऐकले होते. बेंटली हे ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या पाठचिकित्सेतील थोर पंडित. ज्याने आयुष्यभर प्रत्येक पाठाला त्याची बाजू मांडू दिली, त्याच्याच वाट्याला हा प्रसंग यावा, हा योगायोग आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना विशेष वाटेल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व परीक्षेच्या संदर्भात १९६२ साली स्पष्ट केले. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या संशयावरून काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांना काहीही सांगू न देता रद्द केले होते. घनश्यामदास गुप्ता यांच्या प्रकरणात न्यायालयाने ते अमान्य केले. या निकालातील मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. नियमांत ‘ऐकून घ्यावे’ असे लिहिलेले नव्हते, तरी शिक्षेच्या गांभीर्यावरूनच ते कर्तव्य निष्पन्न होते, असे न्यायालयाने मानले. म्हणजे वाक्यात जे लिहिले नाही, ते वाक्याच्या परिणामातून वाचावयाचे. जवळपास त्याच सुमारास, १९६१ मध्ये, अमेरिकेतील एका न्यायालयाने अलाबामाच्या सरकारी महाविद्यालयातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत असाच निर्णय दिला. उपाहारगृहातील वर्णभेदाविरुद्ध ते शांतपणे बसले होते; त्यांना काढताना पाठविलेल्या पत्रांत विशिष्ट आरोपच सांगितलेला नव्हता. न्यायालयाने नोटीस आणि सुनावणी दोन्ही आवश्यक ठरविल्या. गुळगुळीत भाषा हे त्या अन्यायाचे साधन होते, हे येथे ठसठशीतपणे दिसते.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण मे २०२५ मधील आहे. पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुरावरून एका विद्यार्थिनीला काढून टाकले. तिला अटकही झाली. मुंबई उच्च न्यायालयाने महाविद्यालयाचा आदेश स्थगित करताना तिला स्पष्टीकरणाची संधीच दिली गेली नव्हती हे नोंदविले, आणि तिला परीक्षेस बसता यावे अशी व्यवस्था केली. तो मजकूर योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न बाजूला ठेवूनही हा आदेश टिकण्यासारखा नव्हता. १९३८ आणि २०२५ यांमध्ये राज्य बदलले, घटना आली, कायदे आले. ‘काढून टाकण्यात येत आहे’ हे वाक्य मात्र तसेच राहिले.

५

येथे प्राध्यापकवर्गातून जो आक्षेप येतो, तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. आक्षेप असा : महाविद्यालय हे न्यायालय नव्हे. परीक्षेत कॉपी, वसतिगृहात दादागिरी, मुलींची छेडछाड हे सर्व रोज हाताळावे लागते; प्रत्येक वेळी साक्षीपुरावे करीत बसलो तर शिकवावयाचे केव्हा? शिवाय उलटतपासणीच्या भीतीने तक्रारदार पुढे येणार नाही.

या आक्षेपातील सत्यांश न्यायालयांनीच मान्य केलेला आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले होते. त्या हिरानाथ मिश्र प्रकरणात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींच्या जबान्या आरोपींच्या अपरोक्ष घेणे व त्यांची नावे न सांगणे योग्य ठरविले. आरोप कळविला होता, उत्तर देण्याची संधी दिली होती, एवढे त्या परिस्थितीत पुरे होते. १९७० साली बिहारमधील एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे उत्तरपत्रिकांवरूनच दिसत असता, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे ऐकण्याची गरज नाही असेही त्याच न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात १९९० च्या शालांत परीक्षेत गुणपत्रकांत फेरफार झाल्याचे प्रकरण गाजले. मंडळाने विद्यार्थ्यांना नोटीस दिली, कागद पाहू दिले, पालकांसह येऊ दिले, लेखी उत्तरे घेतली. वकील मात्र दिला नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत पुरेशी मानली, आणि फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही आवश्यक मानला नाही.

या निकालांवरून उलट निष्कर्ष काढला जातो, तो असा की न्याय्य कार्यपद्धती ही सोय असली तर पाळावयाची गोष्ट आहे. तो बरोबर नाही. या सर्व प्रकरणांत कार्यपद्धतीचा आकार बदलला आहे, गाभा बदललेला नाही. बिहारच्या प्रकरणातही केंद्राचीच परीक्षा रद्द झाली होती. कोणा एकावर कलंक लावलेला नव्हता. ज्याच्यावर व्यक्तिशः ठपका ठेवावयाचा त्याला तो कळला पाहिजे, त्याचे उत्तर घेतले पाहिजे, आणि ठरविणाऱ्याने मन आधीच बनविलेले नसावे, एवढे कोठेही सुटलेले नाही. आणि एवढ्याला वकील लागत नाही, दोन पाने आणि चार दिवस लागतात.

याच्या उलट, आपले कायदे जेथे घाईने लिहिले गेले तेथे हाच गाभा विसरला गेला आहे. रॅगिंग हा क्रूर प्रकार आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली विनियम केले, हे योग्यच झाले. परंतु राज्याच्या कायद्यात संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, तक्रार सकृद्दर्शनी खरी दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करावे, आणि त्याचा निर्णय अंतिम राहावा, अशी तरतूद आहे. सात दिवसांची मुदत तक्रारदाराच्या हिताची आहे. ‘सकृद्दर्शनी’ आणि ‘अंतिम’ हे दोन शब्द एका श्वासात येणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही. प्रथमदर्शनाला शेवटचे दर्शन कसे म्हणावे? आयोगाच्या विनियमांत तर अपराधी ओळखता न आल्यास संस्थेने सामूहिक शिक्षेचा अवलंब करावा असे म्हटले आहे. १९३८ ची यादी येथे वेगळ्या, सद्हेतूच्या वेशात परत येते.

सुधारणेची दिशाही आयोगाच्याच दुसऱ्या विनियमांत आहे. २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनी प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल यांची व्यवस्था सांगितली. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, विद्यार्थ्याला पुढे १५ दिवसांत लोकपालाकडे जाता यावे, समितीत स्त्रियांचे व मागास वर्गांचे प्रतिनिधित्व असावे, असे ठरविले. या वाक्यांत कर्ता आहे, मुदत आहे, आणि पुढची पायरी आहे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मात्र ‘निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आजही छापले जाते. विद्यार्थ्याच्या हातात पडते ते पान, राजपत्र नव्हे.

६

शिक्षेसाठी आपण ‘रस्टिकेट करणे’ हा शब्द सर्रास वापरतो. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘रूस’ म्हणजे खेडे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्याला काही काळ विद्यापीठातून दूर धाडणे म्हणजे त्याला खेड्यात पाठविणे. त्या समाजात ती शिक्षा ठरे, कारण विद्यार्थी नगराचा होता. ढोकीच्या मुलाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ लावून पाहा. तो खेड्यातूनच आलेला असतो. तेरणेच्या खोऱ्यातील उसाच्या फडातून, कारखान्याच्या परिसरातून, एस. टी. च्या पासावर तो महाविद्यालयात येतो. पुष्कळदा घरातील पहिला पदवीधर होण्यासाठी. त्याला परत पाठविणे ही काही काळापुरती शिक्षा राहत नाही, कारण बहुधा तो पुन्हा येत नाही. शहरातील सुखवस्तू विद्यार्थी दुसरे महाविद्यालय शोधतो, वकील गाठतो, न्यायालयात जातो. वर जे निकाल सांगितले ते न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांचे आहेत. जे सूचनाफलकावरील कागद वाचून एस. टी. त बसले, त्यांचे निकाल कोठे छापलेले नाहीत. म्हणून लहान गावातील महाविद्यालयाने आपले वाक्य मोठ्या विद्यापीठापेक्षा अधिक काळजीने लिहिले पाहिजे. तेथे वाक्याच्या पुढे दुसरा कोणी संरक्षक उभा नसतो.

‘वर्तणूक’ या शब्दाची गोष्टही अशीच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो आणि त्यात बहुतेक सर्वांना ‘चांगली’ असे मिळते. सर्वांना एकच विशेषण मिळू लागले की त्याचा अर्थ झिजून जातो; परंतु एखाद्याला ‘समाधानकारक’ असे लिहिले गेले की तो शब्द कोशातील अर्थाच्या नेमका उलट बोलू लागतो. आरोप नाही, चौकशी नाही, तरी शिक्षा आहे, आणि ती आयुष्यभर कागदपत्रांच्या पिशवीत राहते. ‘आढळल्यास’ हे रूप जे काम वाक्यात करते तेच काम येथे एक विशेषण करते.

यावर उपाय काय? कायद्याच्या जाणकारांनी आपले काम करावे. भाषेच्या अभ्यासकाचा उपाय साधा आहे. दुसरे वाक्य पुन्हा लिहून पाहावे. ‘विद्यार्थ्याने पुढील पाचांपैकी एखादा अपराध केल्याची लेखी तक्रार आल्यास, प्राचार्य तीन दिवसांत ती त्याला मराठीत लेखी कळवतील. तो सात दिवसांत आपले म्हणणे लेखी किंवा तोंडी, हवे तर पालकासह, मांडील. तक्रारीशी संबंध नसलेल्या तीन सदस्यांची समिती दोन्ही बाजू ऐकून कारणांसह निर्णय देईल. निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी अमुक ठिकाणी, अमुक दिवसांत दाद मागू शकेल.’ ही रचना रुक्ष आहे. तिच्यात ‘प्रतिष्ठा’ नाही, ‘योग्य ती’ नाही. परंतु प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, आणि प्राचार्यांनाही विद्यार्थ्याप्रमाणेच काही करावयाचे आहे. असे वाक्य लिहिताना समिती नेमावी लागेल, मुदत ठरवावी लागेल, पाच अपराध कोणते ते मोजावे लागेल. म्हणजे व्याकरण सुधारता सुधारता कार्यपद्धतीच तयार होईल.

फारसी-उर्दूतील ‘शस्त’ म्हणजे नेम. आपली ‘शिस्त’ त्याच कुळातील मानली जाते. नेम धरणाऱ्याला लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे कोण उभे आहे, हे दोन्ही पाहावे लागते. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील महाविद्यालयांची माहितीपत्रके गोळा करून त्यांतील शिस्तनियमांच्या वाक्यांतील कर्ते मोजावेत, असे सुचवावेसे वाटते. काम लहान आहे, आणि त्याला अनुदान लागत नाही. त्यातून जे निष्पन्न होईल ते प्रबंधात राहण्यापेक्षा त्या त्या प्राचार्यांच्या टेबलावर गेले, तर शास्त्राचे आणि विद्यार्थ्याचे दोघांचेही हित होईल.